दोन दारं, आत फळ्या

अजमानच्या यार्डात महिन्यातून दोनदा
ओसाकाचा कंटेनर उघडतो.
शिलाई मशिनं, भाताचे कुकर, सायकली,
कुठल्याशा शाळेचा एकच बाक,
आणि गाद्यांच्या फटीत
तोंड मिटून उभे देव्हारे.

तिकडे म्हणे म्हातारी माणसं जातात, घरं रिकामी होतात,
आणि मुलांच्या फ्लॅटमध्ये मावत नाही ते सगळं
वजनावर जहाजात चढतं.

कोयाक्का त्यांना चपलांची कपाटं म्हणून विकतो.
"दोन दारं, आत फळ्या. अजून काय पाहिजे?"
पहिला मी चाळीस दिरहमला घेतला.
घासाघीस केली नाही,
ते त्याला अजून खटकतं.

बाहेर काळी लाख, आत सोन्याचा वर्ख,
जाडी विचाराल तर श्वासाएवढी.
मी आधी वास घेतला. सावंतवाडीचा नव्हता.
आमची लाख लेथवर फिरता फिरता
लाकडी केळ्यांवर, पोळपाटांवर चढते,
तिला भाजल्यासारखा वास येतो.
हा थंड होता.
उदबत्ती विझून तीस-चाळीस वर्षं झालेली.
पण कडेला हात थोडा सैल पडलाय, इथे कारागीर दमला होता,
हे माझ्या बोटांना लगेच कळलं.
बाबा संध्याकाळी असेच दमायचे.

खोलीत आम्ही सहा जण.
माझ्याकडे खालचा पलंग
आणि पलंगाखालची जागा, जी ठरल्याप्रमाणे बॅगांची.
तिथे आता चार बुटके देव्हारे,
एक पितळी घंटावाटी, टोल्याशिवाय,
कासवावर उभा एक करकोचा, मेणबत्ती धरणारा,
चोच मोडलेला.
पाचवा, उंच, उशाशी असायचा.

एसीची हवा लाखेला मारते.
सुकते, तडकते, पापुद्रे धरते.
म्हणून प्रत्येकापुढे एक वाटी पाणी.
तरसेम पहाटे ट्रेलरवर जाताना
बूट हातात घेऊन दारापर्यंत अनवाणी जातो,
वाटी कोरडी दिसली तर भरतो.
पाणी लाकडासाठी आहे
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
सांगितलं तरी तो भरेलच, असं वाटतं.

उंचाला दुबईच्या एका सजावटवाल्याने
साडेतीन हजार दिले.
माझ्या दोन दाढांचं रूट कॅनल व्हायचं होतं.
द्यायच्या आधी खण पुसायला ओढला
तर मागे अडकलेली एक पाटी सुटून आली.
उभी, काळी, सोनेरी अक्षरांची.
ती मी ठेवून घेतली. का ते ठाऊक नाही.
संग्रह करणाऱ्याचा हात, दुसरं काय.

आमच्या गोदामात तपासणीला आलेल्या मियोशी बाईंनी
ती दोन्ही हातांत धरून वाचली.
"बाईचं नाव आहे. मेल्यानंतर देतात ते.
जिवंतपणी तिला ह्या नावानं कुणी हाक मारली नसेल."
दोन्ही हातांनी परत दिली.
मग विचारलं, हिचं घर कुठंय?

मी शुक्रवारी बस बदलून बदलून ते हॉटेल गाठलं.
देव्हारा लॉबीत होता, खालून दिवा सोडलेला,
दारं उघडी, आत अत्तराच्या बाटल्या,
किमती उलट्या ठेवलेल्या.
गार्ड जवळ आला, साहेब, रूम नंबर?
खिशातल्या पाटीवर हात ठेवून मी म्हटलं,
इथे राहत नाही.

बुटक्यांपैकी एकातही ती बसत नाही,
दोन बोटं उंच पडते.
सध्या रुमालात आहे, पासपोर्टच्या झेरॉक्सशेजारी.

काल कोयाक्काचा फोन आला.
गुरुवारी नवा कंटेनर. "कपाटं आहेत. उंचवाली."
भाव आत्ताच वाढवून ठेवलाय त्याने.
मी पट्टीने माप घेऊन
मनगटावर पेनाने लिहून ठेवलंय:
साडेदहा इंच.
आंघोळ करताना हात बाहेर धरावा लागतो.